पहिला हात

"तुमच्या सासूबाईंना घेऊन या," मी म्हणलं.

काउंटरपलीकडचा माणूस माझ्याकडं बघतच राहिला. बाहेर त्याची नवीकोरी गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वायपरला झेंडूची माळ. आणि मालक आमच्या दुकानात घामाघूम.

"सासूबाईंचा इथं काय संबंध?"

"चावीची पूजा कुणी केली?"

"त्यांनीच. पण..."

"खोक्यातनं त्यांनीच काढली? हळदकुंकू लावलं, मुठीत धरून देवापुढं डोळे मिटून बसल्या?"

त्याच्या मागं उभी असलेली बायको फस्सकन हसली. "आईनं तर अख्खी आरती म्हणली!"

"झालं तर मग. गाडी त्यांची झाली. तुम्ही नुसते ड्रायव्हर."

बायको पोट धरून हसायला लागली, आणि तो माणूस काउंटरवर हात आपटून म्हणाला, "मालक कुठायत? पोरगी कसली बोलती बघा!"

आतनं दस्तगीरचाचा चष्मा कपाळावर सरकवत आले. हे दुकान त्यांचं. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला, 'मोमीन की सेंटर'. चाचांचे वडील पितळी कुलपं दुरुस्त करायचे, चाचा गाड्यांच्या चाव्या प्रोग्राम करतात. "साहेब, पोरीचं तोंड वाईट हाय," चाचा म्हणाले, "पण ती सांगती ते खरं हाय. सासूबाईंना आणायलाच लागंल."

आमचा निम्मा धंदा हाच. आता हे नीट सांगते, कारण पुढं लागणार आहे.

पूर्वी चावी खिशात असली की गाडी उघडायची. चावी सिग्नल सोडायची, गाडी तो ओळखायची. मग चोरांनी युक्ती काढली. एक जण डबा घेऊन घराच्या भिंतीला चिकटायचा, दुसरा गाडीपाशी उभा राहायचा. आत खुंटीला टांगलेल्या चावीचा सिग्नल या डब्यातनं त्या डब्यात जायचा आणि गाडी पसार. मालक आत आमटी भुरकतोय. म्हणून कंपन्यांनी चावीला हात ओळखायला शिकवलं. बोटाचा ठसा नाही, तो चिकटपट्टीनं उचलता येतो. हातच.

माणसाचा हात थरथरत असतो. तुमचासुद्धा. कितीही दगडासारखा धरा, एका सेकंदात आठ-दहा वेळा तो हलतोच, डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. स्नायू, नसा, काळजाचा ठोका, सगळ्यांचं मिळून ते हलणं होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. ते चोरता येत नाही. चावीत तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर असतो, तो हे हलणं मोजतो. हात जुळला तर गाडी चालू, नाही तर चावी म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा.

नवी चावी खोक्यातनं निघते तेव्हा कोरी असते. जो हात तिला पहिल्यांदा थोडा वेळ धरेल तो तिचा मालक. चावीवर एक दिव्याची कडी असते, ती हळूहळू हिरवी भरत जाते. भरली की पहिला हात पक्का. तो पुसायचा तर परत तोच हात लागतो. कंपनीनं सगळ्याचा विचार केला. फक्त आपल्याकडं चावी खोक्यातनं निघून आधी देवाजवळ जाते, हे कंपनीला कुणी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट. ताप येऊन गेला, वय झालं, तर हात थोडा बदलतो आणि चावी कुरकुर करायला लागते. मग मशीनमध्ये जाऊन तिला सांगायचं, बाई, थोडं चालवून घे. आम्ही त्याला ढील म्हणतो, पतंगाला देतात तशी. घरच्या गाडीला ढील देता येते. पिवळ्या पाटीच्या, पॅसेंजरच्या गाडीला मशीन ढील देऊच देत नाही.

मी माया. पूर्ण नाव मायाक्का शिंगाडे, चिंचलीच्या देवीचं, पण त्या नावानं हाक मारली तर मी वळत नाही. शाळा दहावीच्या आधीच सुटली. गणिताच्या कुरणेसरांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. मी उभी राहिले नाही, चालत सुटले, ती परत गेलेच नाही. एका जागी बसणं मला जमत नाही. चाचा म्हणतात, माझ्या तोंडामुळं गिऱ्हाईक जातं आणि माझ्या डोळ्यांमुळं परत येतं.

एकदा कुरणेसरच आले दुकानात, चावी घेऊन. मला आनंदच झाला. म्हणलं, आता तुम्ही उभे रहा. त्यांचा हात मशीनवर ठेवला. पडद्यावर हाताची रेघ उमटते. चांगल्या हाताची म्हणजे उजवीकडं एक टेकडी. सरांच्या रेघेत डावीकडं, म्हणजे हळू हलण्याच्या बाजूला, आणखी एक टेकाड होतं. बारकं, वारुळाएवढं. चाचांनी ढील दिली, सर गेले. परत आले तेव्हा ते वारूळ वाढलं होतं. परत ढील. तिसऱ्या वेळेला सर आत आलेच नाहीत. त्यांच्या बायको मुलाला आणि नवी कोरी चावी घेऊन आल्या, गाडी मुलाच्या हातावर करायला. सर बाहेर गाडीत बसलेले. त्यांचा अंगठा बोटावर फिरत होता, तंबाखू मळत असल्यासारखा.

सर तंबाखू खात नव्हते.

"कंपवात," बाई हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांकडं जायला उशीर झाला. चावीच खराब आहे म्हणत बसले."

मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेले. सर म्हणाले, "शिंगाडे ना तू? बसतेस का आता एका जागी?" मी म्हणलं, "नाही सर." ते हसले असावेत. तोंड काही हललं नाही.

तेव्हापासनं डावीकडचं टेकाड दिसलं की मी आधी माणसाचा अंगठा बघते. चावी काही डॉक्टर नाही. तिला रोग कळत नाही. ती एवढंच सांगते, की हा तो हात नाही.

*

आण्णा दुकानात आले ते आरडाओरडा करतच.

"ही चावी का भंगार? सकाळी तीन-तीनदा धरावी लागती. पेशंट उन्हात उभं! दस्तगीरभाई, तुमच्या कंपनीला आग लावा."

आण्णा म्हणजे माझे वडील, बिरू शिंगाडे. राग आमच्या घरात जमिनीसारखा वाटून आलाय, आणि मोठा वाटा मला. आण्णांची पिवळ्या पाटीची, सात सीटची गाडी आहे. डफळापूर, जतकडच्या खेड्यांतनं डायलिसिसचे पेशंट मिरजेला आणायचे, मशीनवर सोडायचे, संध्याकाळी घरी पोचवायचे. आपोआप चालणारे ट्रक हायवेला फिरतात आता, पण आमच्याकडच्या वाटांना रस्ता म्हणायचं हेच त्यांना पटत नाही. तिथं आण्णाच लागतात. कुणाच्या दारात कुठला दगड वर आलाय हे त्यांना पाठ.

"सेल गेला असंल," मी म्हणलं आणि त्यांचा हात मशीनवर ठेवला.

पडद्यावर रेघ आली. उजवीकडं टेकडी. डावीकडं टेकाड. वारुळाएवढं नव्हतं.

मी चाचांकडं बघितलं. चाचांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले.

"काय गं? असं काय बघतीस, भूत दिसल्यागत?"

आता बोलायचं होतं. एरवी माझं तोंड बंद करायला माणसं लावावी लागतात. मी म्हणलं, "सेलच."

सेल बदलला. चावीनं ओळखलं नाही. परत धरली, नाही ओळखलं. आण्णांनी ती चावी उचलून दुकानाच्या भिंतीवर अशी फेकली की तिचे दोन तुकडे झाले. मग स्वतःच वरमले. "नवीन मागवा," म्हणाले आणि चाचांच्या जुन्या, साध्या चावीच्या गाडीतनं पेशंट सोडायला गेले.

ते गेल्यावर चाचा म्हणाले, "बेटी, सांगायला पाहिजे."

"मी नाही सांगणार."

"मग मी सांगतो."

"तुम्ही पण नाही. नवी चावी येईल. ते धरतील. कडी भरणारच नाही."

भरणार नव्हतीच. चावी हात शिकते म्हणजे काय करते? तोच हात थोड्या-थोड्या वेळानं परत मोजते, आणि तेच उत्तर आलं की कडी थोडी पुढं सरकवते. ज्याचा हात दर घटकेला वेगळा, त्याची कडी निम्मी भरते आणि मागं येते. भरते, मागं येते. मी हिशोब केला होता, की कडी भरली नाही तर आण्णा चिडतील, मग घाबरतील, मग आपणहून विचारतील. मग सांगायचं काम चावीचं. माझं नाही.

चाचांनी भिंतीपाशी पडलेले चावीचे दोन तुकडे वेचून माझ्यापुढं ठेवले. मला तेच जास्त लागलं.

*

बंद गाडी ओढून आणून दारात उभी केली होती. नवी चावी कुरिअरनं घरी आली. मी आण्णांना बजावून ठेवलं होतं, खोकं कुणी उघडायचं नाही, सीलबंद दुकानात आणायचं. आईलाही सांगितलं होतं. दुपारी जेवायला घरी गेले तर खोकं फोडलेलं, आणि आई देवाजवळ बसलेली. मायाक्काच्या फोटोपुढं उदबत्ती, डोळे मिटलेले. मुठीतनं हिरवा उजेड येत होता. कडी पूर्ण भरलेली.

"आई!" मी एवढ्यांदा ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकलं. "काय केलंस तू हे?"

"पूजा," आई म्हणाली. "मागच्या चावीची केली न्हवती. म्हणून बिघडली."

"अगं, रोज घरी येऊन मी काय बोंबलते? त्या सासूबाया, त्या आत्याबाया..."

"वरडू नगं. देव हायती घरात."

आण्णा आले. त्यांनी चावी धरली, गाडी गप्प. आईनं धरली, दारातली गाडी 'टुक' करून जागी झाली. आण्णांनी परत धरली, गप्प. आईनं धरली, 'टुक'. आण्णा आधी मनसोक्त चिडले, आणि मग एकदम हसायला लागले. कितीतरी दिवसांनी.

"सुवर्णा, गाडी तुझी झाली की गं. चल मग, बस पुढं. पेशंट थांबल्यात."

"मी? आन भाकऱ्या कोण करील?"

"मायाक्का करंल."

मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, की चाचांकडं चला, आईचा हात पुसू आणि तुमचा घालू. माझा सगळा हिशोब तोच होता. पण आई पदर नीट करून गाडीत बसली होती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या गाडीत पुढच्या सीटवर ती पहिल्यांदा बसत होती. मी दारात उभी राहून बघत राहिले. गाडी गेली.

*

मग तेच सुरू झालं. गाडी आण्णा चालवायचे, चावी आईच्या मुठीत. पेशंट खूश. शेवंताकाकू म्हणून एक म्हातारी होत्या, त्या आईला 'कंडक्टरीणबाई' म्हणायला लागल्या. हणमंतकाका स्वतः एसटीचे निवृत्त कंडक्टर, ते म्हणायचे, "वहिनी, डबल बेल द्या!" आई डायलिसिसच्या बायकांसाठी बिनमिठाची चटणी करून न्यायची. ती कुणालाच आवडायची नाही आणि सगळे खायचे. घरात आईआण्णांचं बोलणं म्हणजे मीठ कुठाय आणि बिल आलं का, एवढंच असायचं. आता गाडीतनं उतरले तरी दारात उभं राहून यांचं बोलणं चालूच.

आणि मी पडद्यावर काय बघितलंय ते माझ्या पोटात.

चाचा रोज विचारायचे. "बोललीस?" मी चिडून म्हणायचे, "बोलते की! घाई काय आहे?" घाई काय आहे ते मलाच ठाऊक होतं. सात माणसं बसतात त्या गाडीत.

डफळापुरात एकाच्या ट्रॅक्टरची चावी करायची होती, म्हणून एक दिवस पहाटे मी त्यांच्यासोबत गेले. मिरजेला परत येताना मागच्या सीटवर, शेवंताकाकू आणि हणमंतकाका यांच्या मधे. सकाळचं ऊन. आण्णांचा उजवा हात स्टिअरिंगवर घट्ट. डावा मांडीवर. घट्ट धरला की हात शांत असतो, सैल सोडला की सुटतो. मांडीवरचा हात सुटला होता. आण्णा मधनंच तो मांडीखाली दाबून ठेवायचे.

वळणावर मेंढरं आडवी आली.

आण्णा धनगराचं पोर. मेंढरं दिसली की त्यांचा पाय आधी ब्रेकवर जातो, नजर मागनं. मेंढक्याशी चार शब्द बोलल्याशिवाय गाडी पुढं जात नाही, हे मी लहानपणापासनं बघत आलेले. त्या दिवशी मेंढरं दिसली. मला दिसली, आईला दिसली, आण्णांनाही दिसली, कारण ते "अगं बया" म्हणाले. पण गाडी तशीच चालली. मग गचकन थांबली. सगळे पुढं आदळले. हणमंतकाकांचा डबा सांडला. बंपरच्या पुढं एक मेंढरू, इतकं जवळ की त्याची लोकर काचेवर उडाली.

मेंढक्या काठी आपटत आला. "डोळं फुटलं का रं?"

"थांबलो की बाबा!" आण्णा ओरडले आणि मागं वळून म्हणाले, "बघितलंस माया, कसा मारला ब्रेक!"

मी बघितलं होतं. दोन सीटच्या फटीतनं मला त्यांचा पाय दिसत होता. तो अजून ब्रेकवर पोचलाच नव्हता. ब्रेक गाडीनं मारला होता, आपला आपण. सगळ्या गाड्यांत असतो तो आता. धुळीत, धुक्यात त्याला कधी दिसतं, कधी दिसत नाही.

आईनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा.

*

संध्याकाळी आई अंगणात गाडीतली सांडलेली आमटी पुसत होती. मी तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"आई, आण्णांचा हात..."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"गेल्या दिवाळीपासनं चहाची बशी वाजती. मी बशी द्यायची बंद केली. मोठा कप देती आता, अर्धा भरून." ती गाडीच्या पायरीवर बसली. "शर्टाची बटणं मीच लावती. घाई हाय म्हणून लावती, असं दाखवती."

"आणि तरी गाडी चालवू देतेस?"

"मी कोण चालवू द्येनारी?" तिनं कमरेची चावी काढली आणि बघत राहिली. "तू रोज घरी यिऊन वरडायचीस न्हवं, की पूजा केली आन सासूचा हात बसला, आन आता सासूशिवाय गाडी हलंना. म्हणलं, हे बरं हाय."

मला कळायला जरा वेळ लागला.

"म्हणजे तू मुद्दाम..."

"मी नसंल तर गाडी हलणार न्हाई. मी शेजारी असंल तर निदान वरडता तरी यील. एवढंच माझ्या हातात हुतं, माया." मग म्हणाली, "आज मला वरडायला पण जमलं न्हाई. त्वांडच उघडलं न्हाई."

"मग सांग ना त्यांना! डॉक्टरकडं चला म्हण."

"तू सांग. तुझं त्वांड चांगलं हाय."

आत आण्णा टीव्हीवरच्या कुणाला तरी शिव्या देत होते.

*

त्याच आठवड्यात एकदा, शेवंताकाकू आणि हणमंतकाका डायलिसिसहून सुटल्यावर घरी जायच्या वेळी गाडी आमच्या दुकानापुढं येऊन थांबली. आण्णा तरातरा आत आले, मागनं आई. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर लोकांनी त्यांना छेडलं होतं. "बिरू, वहिनींनी चावी दिली का आज?" असं रोज चालायचं, त्या दिवशी त्यांना झेपलं नाही.

"लई झाली मजा," आण्णा म्हणाले. "हिचा हात काढ आन माझा घाल. आत्ता."

"आण्णा, नको."

"का नगं?"

मी चाचांकडं बघितलं. चाचा माझ्याकडं बघत होते. बोल बेटी, असंच होतं त्या नजरेत. "पेशंट बसल्यात गाडीत," मी म्हणलं. "उद्या करू."

"अर्ध्या घटकेचं काम! गाडीत गार वारं लावलंय, बसतील. का नगं ते सांग की. तुझ्या त्वांडाला आज काय झालं?"

मग आईनंच चावी मशीनवर ठेवली. पुसायला तिचाच हात लागत होता. तिनं माझ्याकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं नाही, आणि हात टेकवला. आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं. कडी हिरवी होती ती पांढरी झाली. बाहेर गाडीतलं गार वारं बंद पडल्याचा आवाज आला. चावी कोरी झाली की गाडीही मेल्यासारखी होते.

आण्णांनी चावी उचलली. मूठ घट्ट आवळली. कडी सरकायला लागली. पाव, निम्मी.

"बघा! उगंच घाबरवता."

मशीनमधली बाई म्हणाली, "कृपया हात सैल सोडा."

"काय म्हणती ही?"

"हात सैल सोडा, आण्णा," मी म्हणलं. "आवळलेला हात ती घेत नाही."

त्यांनी हात सैल सोडला.

हात सुटला. अंगठा बोटावर फिरायला लागला. कडी निम्मी होती ती मागं गेली. परत पुढं आली, मागं गेली. आण्णा तिच्याकडं बघत होते. आम्ही तिघं त्यांच्या हाताकडं. बाई परत म्हणाली, "कृपया हात सैल सोडा." आण्णांनी दुसरा हात पहिल्यावर ठेवला, दाबून धरला. "कृपया एकच हात वापरा." मग त्यांनी चावी डाव्या हातात घेतली. तो उजव्यापेक्षा वाईट होता.

मला वाटलं, आता ही पण भिंतीवर जाणार. मी वाट बघत होते. फेका म्हणलं मनात. त्यांनी फेकली नाही. ओरडलेही नाहीत.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं. चावीला विचारल्यासारखं.

"तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात त्या..." मी बोलायला लागले.

"तुला न्हाई. हिला." ते आईकडं वळले.

"दिवाळीपासनं," आई म्हणाली.

"बशी," आण्णा म्हणाले. एवढंच.

चाचांनी खुर्ची पुढं केली. म्हणाले, "बिरूभाई, आपल्या रस्त्यालाच डॉक्टर हायत. उद्या मी येतो सोबत. औषध असतंय त्याला. हात पुष्कळ शांत होतो."

"पहिल्यासारखा होतो?"

चाचा चष्मा पुसायला लागले. त्यांनी कितीही माणसांना कितीही ढील दिली असेल, या प्रश्नाला दिली नाही.

बाहेरनं काच वाजली. हणमंतकाका गाडीच्या आतनं काचेवर टकटक करत होते. गाडी बंद, गार वारं बंद, मे महिन्याचं ऊन, आणि आत मशीनवरनं उतरलेली दोन थकलेली माणसं. आण्णा उठले आणि धावत गेले. सवयीनं चावी पुढं केली. दार उघडलं नाही. आतनं दाराचं हँडल ओढायला सांगून चाचांनी कसंबसं उघडलं. शेवंताकाकू घामानं भिजल्या होत्या, म्हणाल्या, "कंडक्टरीणबाई, बेल द्या की."

आण्णांनी चावी माझ्यापुढं धरली.

"धर."

"मला कुठं लायसन आहे?"

"चालवाय कोण सांगतंय? चालवतील दस्तगीरभाई. तू नुसती धर. दिवाळीनंतर लायसन यील तुझं."

"आईचाच घाला परत."

"तिला नगं," आण्णा म्हणाले. "तिनं लई धरली."

मी चावी घेतली. मनात म्हणत होते, भरू नको. निम्म्यावर ये आणि मागं जा. एकदा तरी. कडी एका दमात भरली, जराही न अडखळता, आणि गाडी 'टुक' करून जागी झाली. एवढं सोपं असतं ते. त्या सोपेपणाचा मला इतका राग आला की दात आवळले, आणि कडी तरी हिरवीच राहिली.

चाचा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी आईच्या जागी. आई मागच्या फळीवर. आण्णा दार धरून क्षणभर उभे राहिले, मग शेवंताकाकूंच्या शेजारी बसले.

"का वो बिरूभाऊ, आज मागं?"

"म्हणलं बघावं, मागनं कसं दिसतंय."

त्यांना पट्टा लावता येईना. खटका सापडत होता, बसत नव्हता. शेवंताकाकूंनी, सुया टोचून हाताला पांढरी पट्टी बांधलेल्या त्या म्हातारीनं, त्यांच्या हातातनं तो घेतला आणि खट् करून लावला.

मला एका जागी बसवणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. मी मूठ मिटून बसले. डफळापूरपर्यंत ती उघडायची नव्हती. उद्याही नाही.

चाचांनी गाडी पुढं घेतली तेव्हा मागनं आण्णांचा आवाज आला.

"दस्तगीरभाई, जपून हां. ब्रेक जरा उशिरा लागतो तिचा."

ब्रेकला काही झालं नव्हतं. चाचांनाही माहीत होतं.

"हां बिरूभाई," चाचा म्हणाले. "ध्यानात ठेवतो."